मास्कखालचा बिबा

मास्क खाली करा, असं काउंटरवरच्या बाईनं हातानं दाखवलं. मी केला. ती खुर्चीसकट मागे सरकली.

माझ्या मागची रांगही सरकली. आधीच दोन माणसांच्या मध्ये एक बैलगाडी मावेल एवढं अंतर होतं, आता दोन मावल्या असत्या. थोड्या वेळानं डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घातलेली दोन माणसं आली. त्यांनी चार खांब आणून माझ्याभोवती ठेवले आणि खांबाखांबांतून निळी पट्टी ओढली. एक खुर्ची आत सरकवली, तीही पायानं. मी बसले. उभं राहून काय करणार होते?

नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत माझ्या तोंडावर फोड आले होते. खालचा ओठ सुजून लोंबत होता. त्यांच्यातल्या एकानं कपाळासमोर ते पिस्तुलासारखं यंत्र धरलं, आकडा पाहिला, दुसऱ्याला दाखवला. मग दोघं पट्टीबाहेर गेले आणि माझ्याकडे पाठ करून फोनवर बोलू लागले. भाषा कळत नव्हती. पण जनावर आजारी पडलं की माणसं गोठ्याबाहेर उभी राहून कशी बोलतात ते मला माहीत आहे. तसं ते बोलत होते.

तो विमानतळ जर्मनीतला. शहराचं नाव सांगून उपयोग नाही, कारण शहर मी पाहिलंच नाही. काचेतून धावपट्टी पाहिली आणि तिच्या कडेला ढकलून ठेवलेला मळका बर्फ पाहिला. मुंबईचं विमान उतरल्यावर अमेरिकेचं विमान पाच तासांनी होतं. त्यातले दोन तास चालण्यात आणि रांगेत गेले होते. अमेरिकेत माझी मुलगी वैशाली, दिवस भरलेली, घरात एकटी. जावई करोनानं दवाखान्यात, ऑक्सिजनवर. शेजारीण दारात डबा ठेवून जायची, आत यायची नाही. तिला मी नावं ठेवत नाही, तिच्याही घरात लेकरं होती. माझी करोनाची तपासणी मुंबईला झालेली, त्या कागदाला तीन दिवसांचं आयुष्य. हे विमान चुकलं तर पुढचं तीन दिवसांनी, आणि तोवर कागद मेलेला. विमानतळाबाहेर पाय टाकायची परवानगी नाही. म्हणजे मला आल्या वाटेनं परत धाडलं असतं आणि वैशाली एकटीच बाळंत झाली असती.

त्या खुर्चीवर मी एवढाच विचार केला. एवढाच पुरे होता.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे सकाळी गल्लीत टक टक सुरू झाली. बिबे आले. हिवाळा सरता सरता आमच्या बाजूच्या टेकड्यांवरून येतात, आणि नंतर पोत्यांनी बाहेरगावाहूनही येतात. सोयाबीन कधीच घरात आलेलं असतं, तुरीच्या तुराट्या कुडाला लागलेल्या असतात, आणि आमच्या वाशिमकडच्या मालेगावच्या रस्त्याकडून धूळ यायला लागते. शेतात बाईला काम उरत नाही त्या दिवसांत बिबा काम देतो. दारादारात बाया दगड घेऊन बसतात. एकीचा घाव पडतो, मग दुसरीचा, मग तिसरीचा. दुरून ऐकलं तर सुतारपक्ष्यांचा बाजार भरल्यासारखं वाटतं. मी आता फोडत नाही. ऐकते, आणि आवाजावरून सांगते की कोणाचा घाव चुकला.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. बिबा म्हणजे सुपारीएवढं, जरा चपटं, काळंकुळकुळीत फळ. त्याच्या टरफलात काळं चिकट तेल असतं. ते कातडीला लागलं की आग होते, एकदोन दिवसांनी फोड येतात. आम्ही म्हणतो, बिबा उतला. आणि असल्या जहरी टरफलाच्या आत पांढरी गोडंबी असते, चारोळीहून मोठी, बदामाहून मऊ. बाळंतिणीला आम्ही गोडंबीचे लाडू देतो. कंबर धरते, अंगात ऊब येते. गोड वस्तू कुठं ठेवायची हे देवानं कोणाला विचारून ठरवलेलं दिसत नाही.

फोडायची रीत सोपी आहे आणि शिकायला दहा वर्षं लागतात. पुढ्यात दगड. डाव्या हाताच्या दोन बोटांत बिबा उभा धरायचा. बोटांना आधी चुलीची राख चोळून घ्यायची. उजव्या हातात लहान हातोडी. घाव इतकाच, की टरफल उकललं पाहिजे आणि आतली गोडंबी अख्खी राहिली पाहिजे. जोरात मारला तर तेल उडतं. हळू मारला तर दोनदा मारावा लागतो, आणि दुसऱ्या घावाला गोडंबी फुटतेच. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती लग्नापर्यंत शेतात आणि लग्नानंतर या दगडापुढे. बेचाळीस वर्षं बसले. बोटांवरच्या रेषा गेल्या. रेशनच्या मशीनवर माझा अंगठा उठत नाही. दुकानदार दर महिन्याला म्हणतो, "काकू, मशीन म्हनते का तुमी हायेच नाही."

"मंग तुह्यासंग बोलून कोन राह्यलं? मह्यं भूत?"

तो हसतो आणि वहीत सही घेतो. सही मला येते. मोठी, वळणदार.

वैशालीनं मात्र माझ्यासारखं केलं नाही. ती शिकली, शिकतच गेली, पुण्याला नोकरीला लागली आणि तिथून नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली. तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हाच मी ठरवलं होतं की बाळंतपणाला जायचं. व्हिसा पहिल्यापासून होता. मग करोना आला आणि विमानं बंद झाली, मग थोडी सुरू झाली, मग कागदांची रीघ लागली. गावात सगळे म्हणाले, या वयात, या दिवसांत कुठं जाता. मी म्हटलं, बाळंतपण पुढं ढकलता येत असेल तर सांगा, मी थांबते.

आता माझी चूक सांगते. ती दुसऱ्या कोणाची नव्हती.

त्या हंगामात आम्ही मास्क लावून बिबे फोडत होतो. गावात दोन घरांना करोना लागला होता, सरकारी दवाखान्याची आशाताई रोज दारावरून बजावून जायची. मी घरच्या काळ्या कापडाचे तीन मास्क शिवले होते. जायला आठ दिवस उरले आणि मी लाडवांची गोडंबी फोडायला बसले. विकतची गोडंबी कधीची असते कोण जाणे. यमुना, माझी धाकटी जाऊ, समोरच्या ओट्यावर तिच्या दगडापुढे बसली होती. आमच्या दोघींच्या दगडांमध्ये एवढंच अंतर की एकीची हातोडी घसरली तर दुसरीनं द्यावी. तीस वर्षं तसंच.

यमुना म्हणाली, "बाई, तुमी आता हात नोका लावू. आठ दिवसांवर जानं आलं. मी फोडून देतो सगळी."

"तुह्या हातची अर्धी फुटलेली निंघते."

"पोटात जाऊन सगळीच फुटते."

"डबा उघडला का अख्खी दिसली पाह्यजे."

"कोन पाह्यते तिथं? गोरा डाक्टर पाह्यते का तुमची गोडंबी?" आणि ती अशी हसली की तिचा घाव चुकला आणि गोडंबीचा भुगा झाला. "घ्या. ही तुमच्या बोलन्यानं फुटली."

शेवटी अर्धी तिनं फोडली, अर्धी मी. ऊन होतं, मास्कच्या आत घाम साचत होता. राखेनं माखलेल्या, तेलकट बोटांनी मी तो मास्क किती वेळा खाली ओढला आणि किती वेळा वर केला, कोण मोजतं. संध्याकाळी धुतला, वाळवला, घडी करून प्रवासाच्या पिशवीत ठेवला. कापड चांगलं होतं. काळ्यावर काळा डाग दिसत नाही.

आणि बिब्याचा डाग धुण्यानं जात नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. केनवडला, माझ्या माहेरी, परीट कपड्यावर खूण करायचा ती बिब्यानंच. कपडा विरायचा, खूण राहायची. बेचाळीस वर्षं ज्या वस्तूबरोबर काढली, तिला मी तोंडाला बांधून परदेशी निघाले. घरापासून मुंबईपर्यंत तोच मास्क. विमानात सगळ्यांना निळे मास्क दिले, तेव्हा मी आतून काळा ठेवला आणि वरून निळा लावला. दोन असले की बरं, असं वाटलं. मुंबईतच खाज सुटली होती. मला वाटलं, उकाड्यानं. हात निबर झालेले, पण तोंडाची कातडी निबर होत नाही हे डोक्यात आलं नाही. विमानानं अर्धा रस्ता कापला तेव्हा मला कळलं की हा बिबा आहे. आकाशात कळून काय उपयोग? तिथं ना खोबरं, ना तूप.

माझ्याजवळ एक कागद होता. वैशालीनं पाठवलेला, पुतण्यानं मालेगावहून छापून आणलेला. वर इंग्रजी, खाली मराठी. कुठं चालल्या, कोणाकडे चालल्या, किती दिवस, पोटाचा आजार आहे का, मुलीला कितवा महिना. सगळ्या प्रश्नांची उत्तरं होती. तोंडावर फोड का आले, हा प्रश्न वैशालीला सुचला नव्हता. फोन लागत नव्हता. तिथलं फुकटचं इंटरनेट जोडायला पुतण्यानं शिकवलं होतं, पण ते कोणता तरी नंबर मागत होतं, आणि तो येत नव्हता.

निळ्या पट्टीच्या आत बसून मी विमानतळ पाहिला. एवढी मोठी जागा आणि एवढी रिकामी मी पाहिली नव्हती. दुकानांची दारं ओढलेली. सरकते जिने माणसांविना सरकत होते. एक सोडून एक खुर्चीवर चिकटपट्टीची फुली. फरशी इतकी स्वच्छ की माझ्या बुटांचीच लाज वाटावी. हे बूट वैशालीनं मागच्या वर्षी पाठवलेले, घरी ते मी फक्त डॉक्टरकडे जाताना घालते. कॉफीचा वास येत होता, म्हणजे कुठंतरी एक दुकान उघडं होतं. लोक जवळून जाताना लांबून वळसा घालत होते आणि लांब गेल्यावर मागे वळून बघत होते.

बाजूला बसायची मला भीती नाही. आमच्या पिढीच्या कोणत्याच बाईला नसावी. महिन्याचे चार दिवस बसलोच होतो, वेगळं ताट, वेगळी चटई. बाळंत झालो तेव्हाही बसलो. बाजूला बसवलेल्या बाईनं दोन गोष्टी करायच्या असतात. रडायचं नाही, आणि कोणाला हाक मारायची ते ठरवून ठेवायचं. मी ठरवलं.

मुंबईपासून माझ्या विमानात गोपाळराव होते. अकोल्याचे, हायस्कुलात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले, मुलाकडे चालले होते. अंगात पावसाळी प्लॅस्टिकचा लांब कोट, तोंडासमोर काचेची पट्टी, हातात दोन दोन मोजे. माझ्या लाडवांच्या डब्यावरही त्यांनी फवारा मारला होता. वाटेत मला म्हणाले होते, "ताई, आपन वऱ्हाडातले मानसं. परदेशात एकमेकाले सोडाचं नाही." रांगेत ते माझ्या मागेच होते. मला पट्टी बांधली तेव्हा पांढऱ्या कपड्यातल्या माणसानं त्यांना माझ्याकडे बोट दाखवून काही विचारलं. गोपाळरावांनी मान हलवली, नाही म्हणाले आणि पुढे गेले. मी पाहिलं. त्यांनी मला पाहताना पाहिलं, तेही मी पाहिलं.

ते फार लांब गेले नव्हते. पलीकडच्या खांबाजवळ बसून होते, त्यांचंही विमान यायचं होतं. भिंतीवरच्या घड्याळात माझा एक तास आणखी गेला. मी उठले आणि शेतातून हाक मारतात तशी मारली.

"ओ मास्तर! जनमभर इंग्रजी शिकवली ना? आता कामात आना थोडी!"

तो रिकामा विमानतळ आवाजानं भरून गेला. पांढरे कपडेवाले दचकले. गोपाळराव उठले, इकडेतिकडे बघितलं आणि आले. पट्टीपासून दहा पावलांवर थांबले.

"ताई, काय झालं हो तोंडाले?"

"बिबा उतला."

"काय?"

"बिबा. गोडंबी फोडली मास्क घालून. त्याचं तेल."

त्यांनी तोंडासमोरची काच वर केली आणि डोळे बारीक करून पाहिलं. मग कपाळावर हात मारला. "अवो ताई! बिबा! मी तं देवी समजलो. मह्या मायनं लहानपनी बिबा लावला होता मह्या पायाले, हा पाह्य, डाग आहे अजून. मंग सांगाचं ना!"

"सांगाले तुमी थांबले कुठं?"

त्यांचा प्लॅस्टिकचा कोट चुरचुरला. "मले भेव वाटलं, ताई."

"वाटनारच. आता बोला त्यायच्यासंग. टाइम कमी आहे."

ते बोलले. नट म्हणाले, ऑइल म्हणाले, बर्न म्हणाले, हातानं जळल्याची खूण केली. पांढरे कपडेवाले ऐकत होते, पण तोंडावरून दिसत होतं की विश्वास बसत नाही. कसा बसणार? एक म्हातारी, तोंडभर फोड, आणि सोबतीला प्लॅस्टिकमधला मास्तर सांगतो की हे सुक्या मेव्यानं झालं. तरी त्यांनी डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर आली ती माझ्यापेक्षा पाचसात वर्षांनी लहान असेल. पिकलेले केस, आखूड कापलेले. तिनं लांबूनच विचारलं आणि मास्तरांनी सांगितलं, "ताई, त्या म्हनतात, दाखवू शकता का ते फळ?"

दाखवू शकत होते. पाळण्याला बांधायला मी एक अख्खा बिबा आणला होता, काळ्या दोऱ्यात ओवलेला, लेकराला दृष्ट लागू नये म्हणून. वैशाली हसली असती, पण मी बांधलाच असता. तो पिशवीच्या तळातून काढला आणि तळहातावर धरला. पांढरे कपडेवाले पुन्हा मागे सरकले. डॉक्टर सरकली नाही. पण नुसत्या काळ्या फळाकडे बघून तिलाही काही कळेना.

मग मी खाली बसले. वैशालीचा कागद चार घड्या घालून फरशीवर ठेवला. राख नव्हती, तर पावडरच्या डबीतली पावडर बोटांना चोळली. बिबा उभा धरला. हातोडीच्या जागी पायातला बूट काढून घेतला, टाच पुढे करून. मास्तर म्हणाले, "ताई, अथी नोका," पण तोवर घाव पडला होता.

टक.

एकच. तो आवाज त्या उंच छतापर्यंत जाऊन परत आला. आमच्या गल्लीतला आवाज, पण असा एकटा मी कधी ऐकला नव्हता. टरफल दोन्ही बाजूंना उकललं, काळं तेल कागदावर पसरलं, आणि मध्ये गोडंबी. पांढरी, अख्खी, टोकापासून टोकापर्यंत.

डॉक्टर पट्टी उचलून आत आली. गुडघ्यांवर बसली. मोजे घातलेल्या हातानं तिनं गोडंबी उचलली, उजेडाकडे धरून फिरवून पाहिली. तेवढ्यात मी माझा काळा मास्क उलटा करून तिच्यासमोर धरला. उजेडात तेलाचे डाग चकाकत होते. तो मी तोंडाशी नेला, न लावता. जिथं डाग तिथं फोड. नाकाशी डाग, नाकाशी फोड. दोरीच्या गाठीशी डाग, कानामागे फोड. तिला मास्तरची गरज उरली नाही.

तिनं फोनवर काहीतरी शोधलं, बिब्याचं चित्र उघडलं, आणि हसली. मास्तरांनी विचारलं आणि ते माझ्याकडे बघून हसायला लागले. "ताई, यायच्याकडे या बिब्याच्या साखरगोळ्या इकत भेटते म्हनते दवाईच्या दुकानात. त्यायनं स्वतः खाल्ल्या आहे."

"कायले?"

"इसरभोळेपनावर."

"मंग मले द्या म्हना. मलेच लागतात."

ते त्यांनी सांगितलं की नाही ते मला माहीत नाही. डॉक्टरनं माझा हात घेतला, बोटं उलटीसुलटी करून पाहिली, काही विचारलं. दुखतं का, असं विचारत होती. मी म्हटलं, चाळीस वर्षांपूर्वी दुखत होतं. ताप तिनं तोंडात नळी ठेवून परत मोजला, तो निघाला नाही. अंगात दोन स्वेटर, डोक्यावर शाल, आणि एवढ्या लांब लगबगीनं चाललेली, कपाळ तापणारच. नाकात काडी घालून तिथल्या तिथं करोनाची तपासणी केली. वीस मिनिटं थांबायचं होतं. त्या वीस मिनिटांत मास्तर दहा पावलांवरून पाच पावलांवर आले, मग माझ्या शेजारच्या फुलीच्या खुर्चीवर बसले. फुलीवरच बसले. आम्ही दोघं भिंतीवरचं घड्याळ बघत बसलो. बाजूच्या काचेत माझं तोंड पहिल्यांदा दिसलं. काउंटरवरच्या त्या बाईच्या जागी मी असते तर मीही खुर्ची मागे घेतली असती.

काडी चांगली निघाली. डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं, शिक्का मारला, एक मलम दिलं, नवा मास्क दिला आणि माझा काळा मास्क व टरफलं एका जाड पिशवीत बंद करून घेतली. गोडंबी तिनं माझ्या हातावर ठेवली. ती मी मास्तरांना दिली. मोजे काढून त्यांनी ती खाल्ली. मुंबई सोडल्यापासून त्या माणसाचे उघडे हात मी पहिल्यांदा पाहिले.

चाकांची खुर्ची आली. मी म्हटलं, चालते मी. पण कोणी ऐकेना, आणि खरं सांगायचं तर वेळही नव्हता. मास्तरांचं विमान दुसऱ्या टोकाला होतं. माझ्या कागदावर शिक्का पडेपर्यंत ते हलले नव्हते, आता पळत सुटले. म्हातारा माणूस, मागे प्लॅस्टिकचा कोट पतंगाच्या शेपटीसारखा फडफडत होता. त्यांना त्यांचं विमान मिळालं. मलाही मिळालं. माझ्यामागे दार बंद झालं.

निघताना पाहिलं, मी बिबा फोडला तिथं फरशीवर एक डाग राहिला होता. कागदाच्या बाहेर तेल गेलं होतं थोडं. एक माणूस पुसत होता आणि पुन्हा पुन्हा तीच जागा पुसत होता. मला त्याला सांगायचं होतं की राहू दे.

वैशालीनं दार उघडलं. ती पोटासकट सगळं दार भरून उभी होती, आणि घरात दोन दिवसांची भांडी होती.

"माय, तोंडाले काय झालं वं तुह्या?"

"बिबा उतला. बाजूले हो. मले सात दिवस येगळं राह्याचं आहे."

नियम सात दिवसांचा. पोटातल्या पोरीनं तीनच दिवस दिले. चौथ्या दिवशी सकाळी वैशालीनं माझ्या खोलीचं दार ठोठावलं आणि नुसती उभी राहिली. मी तिचं तोंड पाहिलं आणि मास्क चढवला. दवाखान्यात एकाच माणसाला आत सोडत होते. ती मी होते. नर्सनं माझ्या खपल्यांकडे पाहिलं, मी जर्मनीचा शिक्का दाखवला. वैशालीनं माझी बोटं इतकी आवळली की रेषा असत्या तर पुसल्या असत्या. दुपारी मुलगी झाली. सगळं नीट झालं. जावई त्याच गावात दुसऱ्या दवाखान्यात होते, त्यांनी लेक फोनवर पाहिली, नाकात नळी असलेल्या माणसाला हसता येतं तेवढं हसले. तीन आठवड्यांनी घरी आले ते भिंत धरून. त्यांनाही मी लाडू दिले. बाळंतिणीचा लाडू पुरुषाला देऊ नये असं कुठं लिहिलेलं नाही.

यमुनाला मी फोनवर सगळं सांगितलं. पट्टी, मास्तर, बुटाची टाच. तिला सगळ्यात आवडली ती एकच गोष्ट.

"खरंच पाह्यली गोऱ्या डाक्टरनं?"

"उजेडाकडे धरून पाह्यली."

"अख्खी होती?"

"होती ना. मीनं फोडली होती."

ती हसली, हसता हसता तिला ठसका लागला, आणि तो थांबेना. मी म्हटलं, पाणी पी. ती म्हणाली, राखेचा खकाणा गेला असेल. तो राखेचा नव्हता. आठवडाभरात तिला वाशिमला दवाखान्यात नेलं. खाट मिळाली, पण उशिरा. मी अमेरिकेत बसून फोनच्या काचेत तिच्या घराचा ओटा पाहिला, त्यावर माणसं पाहिली, लांब लांब उभी. परत यायला विमान नव्हतं. असतं तरी वैशालीला सोडून मी निघाले नसते. हेही खरं आहे आणि ते मी लपवत नाही.

आता समोरच्या ओट्यावर यमुनाची सून बसते, तिच्याच दगडापुढे. दगडाला मध्ये खळगा पडला आहे, तो यमुनाच्या घावांचा. सुनेचा हात चांगला आहे. सकाळी तिचा एक घाव चुकला तेव्हा मी इकडून म्हटलं, "फुटली." ती म्हणाली, "तुमाले कसं समजते वं मोठ्या बाई?" तेवढ्यात वैशालीचा फोन आला. तिची मुलगी आता मोठी झाली, शाळेत जाते, फोनच्या काचेला नाक लावून बोलते. माझ्या हनुवटीखाली एक काळसर डाग राहून गेला आहे, तो दाखवून तिनं विचारलं, हे काय. मी सांगितलं, बिबा. तिला शब्द आवडला. तिनं तो चारपाच वेळा म्हटला.

त्या डब्यात अर्धी गोडंबी यमुनाच्या हातची होती. फुटकी कोणती आणि अख्खी कोणती, हे लाडू वळताना मी पाहिलं नाही. सगळी पोचली. यमुना त्या हंगामातून वाचली नाही. मी वाचले, वैशाली वाचली, जावई वाचले, मुलगी वाचली.